स्पर्धेत हरल्यापासून लेक बुद्धिबळाचा पटच काढेना, काय करू?

मुक्ता_नाशिक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच काही विचारतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

लेक साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत. बुद्धिबळ त्याला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. ते तरुणपणी गावी देवळाच्या पारावर खेळायचे, त्यांचा लाकडी सोंगट्यांचा जुना डबा आहे आणि कापडी पट, घडीच्या जागी विरलेला. मागच्या मे महिन्यात दोघं रोज दुपारी ओसरीवर पट मांडून बसायचे आणि ह्याला जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागायच्या इतका तो रमायचा. मला वाटलं एवढी आवड आहे तर नीट शिकू दे, शिवाय ग्रँडमास्टर विदित गुजराथी आमच्या नाशिकचा, इथे घरोघरी बुद्धिबळाचं नाव आहे, म्हणून जूनमध्ये क्लास लावला.

तिथूनच गाडं अडलं. सासऱ्यांनी जुन्या पद्धतीने शिकवलेलं, म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाणार, राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो, आणि प्यादं पलीकडे पोचलं की ज्या पट्टीत पोचलं तेच मोहरं मिळणार. क्लासमध्ये ह्याचं प्यादं घोड्याच्या पट्टीत शेवटपर्यंत गेलं तर ह्याने आपणहून घोडा मागितला, सगळी मुलं हसली. घरी येऊन म्हणाला आजोबा चुकीचं शिकवतात. सासरे काही बोलले नाहीत पण त्या दिवसापासून तो डबा कपाटावर गेला तो गेलाच.

मग जानेवारीत क्लासच्या सरांच्या आग्रहावरून एका स्पर्धेत घातलं, सहा राउंड होते. पहिल्या राउंडला समोरच्या मुलीने चार चालीत मात केली, हा बाहेर आला तेव्हा माझा चहाचा कप अजून अर्धा होता. दुसऱ्या राउंडला ह्याने वजीर उचलला, मग काहीतरी सुचलं म्हणून परत ठेवला आणि उंट हलवला. समोरच्याने हात वर करून पंचांना बोलावलं, पंच म्हणाले हात लावला ना, मग वजीरच खेळावा लागेल, आणि वजीर गेला. नियम आहे, मान्य, पण त्याला कुणी सांगितलाच नव्हता. शेवटी सहापैकी एक पॉइंट मिळाला, तोही बायचा, म्हणजे समोर कुणी नव्हतं म्हणून. आणि वर सर बाकीच्या पालकांसमोर म्हणाले, एवढी साधी मात दिसत नाही म्हणजे घरी प्रॅक्टिस होत नाही.

महिना झाला, पट काढत नाहीये. क्लासला जायच्या दिवशी पोटात दुखतं. पण परवा रात्री झोपताना मला विचारलं, आई हत्तीला किल्ल्यासारखं का बनवतात? म्हणजे डोक्यातून गेलेलं नाहीये हो. मला स्वतःला फक्त चाली माहितीयेत, त्यापुढे काही येत नाही. त्याने चॅम्पियन व्हावं असं अजिबात नाही, फक्त मे महिन्यातला तो मुलगा मला परत हवाय. क्लास बंद करू का? घरी मी काय करू शकते? नेमकं घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

अण्णा_सांगलीकर:

मुक्ताताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी बँकेतून रिटायर झालो, सांगलीत राहतो, आणि गेली बरीच वर्षं संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना अंगणात बुद्धिबळ शिकवतो. आमच्या गावाला ह्या खेळाचं वेड जुनं आहे, नूतन बुद्धिबळ मंडळ इथलंच, भाऊसाहेब पडसलगीकरांनी अख्खं आयुष्य त्यात घातलं, त्यांच्यामुळे आमच्यासारखे किती जण पटाला चिकटले. म्हणून हक्काने लिहितोय.

सगळ्यात आधी तुमच्या सासऱ्यांचं. ते चुकीचं शिकवत नव्हते, ते आपल्याकडचं जुनं देशी बुद्धिबळ शिकवत होते. गावोगावी त्यात थोडाफार फरक असायचा पण प्यादं एकच घर, राजाची एकदा घोड्याची उडी, पट्टीप्रमाणे मोहरं, हे सगळं आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होतं. मीर सुलतान खान म्हणून पंजाबातला खेळाडू होता, तो ह्याच देशी पद्धतीत तयार झाला आणि आंतरराष्ट्रीय नियम नंतर शिकला, आणि १९२९ साली इंग्लंडात जाऊन तिथली ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकला, पुढे १९३२ आणि १९३३ ला परत जिंकला. फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. हे तुमच्या मुलाला सांगा, आणि सासऱ्यांच्या समोर सांगा. त्याला एवढंच कळायला हवं की हे दोन वेगळे खेळ आहेत, जसं गल्लीतलं क्रिकेट आणि मैदानावरचं क्रिकेट. आजोबांबरोबर आजोबांचे नियम, क्लासमध्ये क्लासचे. सात वर्षांच्या पोराला ह्यात काडीचा गोंधळ होत नाही, गोंधळ होतो तो मोठ्यांनी एकाला खोटं पाडलं की.

आणि हत्तीचं उत्तर, आपल्याकडे कोपऱ्यातलं मोहरं हत्ती आहे पण आता बाजारात मिळतात ते बहुतेक सेट इंग्लंडात ठरलेल्या घाटाचे, तिकडे त्या मोहऱ्याला बुरुजाचा आकार. म्हणून रूप बुरुजाचं आणि नाव हत्तीचं. फार चांगला प्रश्न विचारलाय पोराने.

आता घरी काय करायचं. अख्खा डाव खेळूच नका काही दिवस. बत्तीस सोंगट्या एकदम समोर आल्या की लहान मूल घाबरतं, त्याला काहीतरी करावंसं वाटतं म्हणून ते वजीर बाहेर काढतं आणि गमावून बसतं. त्यापेक्षा माझ्या अंगणात मी जे करतो ते करून बघा. पटावर फक्त एक घोडा ठेवायचा, बरोब्बर मध्यभागी, आणि मूठभर शेंगदाणे घ्यायचे. घोडा इथून जिथे जिथे जाऊ शकतो तिथे एक एक शेंगदाणा ठेव म्हणायचं. आठ लागतात. मग तोच घोडा कोपऱ्यात ठेवायचा आणि परत शेंगदाणे मांडायला सांगायचे, आता दोनच लागतात. मी काही बोलत नाही. परवा एक सहा वर्षांची चिमुरडी त्या दोन दाण्यांकडे बघत बसली, मग घोडा उचलून परत मधे ठेवला आणि म्हणाली, ह्याला कोपऱ्यात भूक लागते. घोडा मधे ठेवावा हे मी मोठ्या पोरांना वर्षभर घसा कोरडा करून सांगत असतो. मग दाणे पटावर कुठेही टाकायचे आणि घोड्याने सगळे खाऊन टाकायचे, किती चालीत संपले ते मोजायचं, शेवटी दाणे पोराच्या पोटात. उंटाचं पण असंच, एका उंटाला काळ्या घरातला दाणा कधीच मिळत नाही हे त्याचं त्याला शोधू दे.

हे चार-आठ दिवस झालं की प्याद्यांची लढाई. दोन्हीकडे फक्त आठ-आठ प्यादी, बाकी काही नाही, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. डाव पाच मिनिटांत संपतो, हरलं तरी लगेच दुसरा मांडता येतो, आणि तुम्हालाही खेळता येईल कारण ह्यात अनुभव फार कामाचा नाही, तुम्ही खरोखर हराल. मग राजे ठेवा, मग एक एक हत्ती. असं करत करत महिन्या-दोन महिन्यात पूर्ण पट भरेल आणि प्रत्येक सोंगटी त्याच्या ओळखीची झालेली असेल.

प्रशांत_ठाणे:

अण्णा शेंगदाण्याचं भारीच, आजच करतो पुतण्याबरोबर.

मुक्ताताई, मी एक वेगळी गोष्ट सांगतो, कारण माझ्या मुलीचं बुद्धिबळ मी घालवलंय आणि ते मला आजही लागतं. ती आठवीत आहे आता. सहाव्या वर्षी सुरुवात केली, छान खेळायची, मग मला रेटिंगचं खूळ लागलं. दर शनिवार-रविवार कुठेतरी स्पर्धा, पहाटे साडेपाचला ट्रेन, डबा, पाण्याची बाटली, आणि हॉलच्या बाहेर आम्ही सगळे बाप गेटला नाक लावून उभे. दार उघडून ती बाहेर आली की माझा पहिला शब्द काय? जिंकलीस का. दर वेळी हाच. ती जिना उतरताना लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवायची, हो किंवा नाही, म्हणजे मी विचारायच्या आतच उत्तर, म्हणजे विषय संपेल. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. हरलेल्या डावावर घरी येताना ट्रेनमध्ये लेक्चर. एक दिवस तिने सेट शेजारच्या मुलाला देऊन टाकला, मला न विचारता. मी काही बोललो नाही तेव्हा, पण ती पिशवी घेऊन जाताना तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता तो मला दिसत राहतो.

तुमचा मुलगा एका स्पर्धेनंतर बोलतोय, म्हणजे पोटात दुखतंय म्हणून सांगतोय, तेव्हाच ऐका. माझी दोन वर्षं नुसती मान हलवत होती.

एक प्रश्न मात्र मलाही आहे, घरी खेळताना मुद्दाम हरावं का? मी सुरुवातीला मुद्दाम हरायचो, तिला कळायचं बहुतेक.

अण्णा_सांगलीकर:

प्रशांतराव, मनापासून लिहिलंत, बरं वाटलं वाचून. मुलगी आठवीत आहे म्हणजे काहीच उशीर झालेला नाही, पण आता तुम्ही विषय काढू नका, तिचा तिने काढला तर बघा.

मुद्दाम हरू नये. पोरांना कळतं, आणि मग त्यांना स्वतःच्या जिंकण्यावरही भरवसा राहत नाही. त्यापेक्षा आपला वजीर सुरुवातीलाच डब्यात ठेवायचा, उघड सांगून, की मी मोठा आहे म्हणून मी वजिराशिवाय खेळतो. मग जीव तोडून खेळायचं. तो दोनदा जिंकला की वजिराऐवजी फक्त हत्ती काढायचा, मग फक्त घोडा. पोराला आपली प्रगती डोळ्यांना दिसते, आज बाबांना वजीर परत द्यावा लागला ही केवढी मोठी गोष्ट असते त्यांच्यासाठी. दुसरं म्हणजे पट फिरवणे. डाव अर्ध्यावर आला आणि पोरगं रडवेलं झालं की पट गर्रकन फिरवायचा, आता तुझी बाजू माझी आणि माझी तुझी. हरत आलेली बाजू तुम्ही घ्या आणि ती वाचवून दाखवा. वाईट परिस्थितीत पण काहीतरी करता येतं हे सांगून कळत नाही, बघून कळतं.

अडीच_घरं:

मी २३ वर्षांचा आहे, शाळेत असताना जिल्हा आणि राज्य पातळीवर वयोगटात खेळलोय, आता नोकरी करतो पण रात्री एखादा डाव असतोच. मुक्ताताई तुमच्या मुलाला सांगा की चार चालीतली मात मला पण बसली होती, दुसरीतच, आणि बहुतेक सगळ्यांना बसलेली असते. ती एकदा कळली की परत आयुष्यात कधी बसत नाही, त्यामुळे ती भीती आधी काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे, लिहून देतो.

तुम्ही पांढरी घ्या, तो काळी. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घर पुढे टाकायचं. तुम्ही वजीर एच५ वर आणा, म्हणजे उभी पट्टी एच आणि आडवी ओळ पाचवी, पुढची घरंही अशीच वाचायची. आता थांबा आणि त्याला विचारा, ह्या वजिराला काय हवंय? त्याला आधी ई५ चं प्यादं हवंय, म्हणून काळ्याचा घोडा सी६ ला, प्याद्याला राखण. मग तुम्ही उंट सी४ ला आणा. परत विचारा, आता काय हवंय? आता दोघं मिळून एफ७ वर नजर ठेवून आहेत, आणि एफ७ च्या प्याद्याला राजाशिवाय कुणाची राखण नाही, सगळी गोम तिथे आहे. त्याला ते घर बोटाने दाखवू दे. मग काळ्याने प्यादं जी६ ला टाकलं की वजिराची वाट बंद आणि वजिरावरच हल्ला. वजीर मागे एफ३ ला गेला, परत एफ७ वर डोळा, की दुसरा घोडा एफ६ ला आणून ती वाट पण बंद. आता बघा पट, काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आलेत आणि पांढऱ्याचा वजीर नुसता पळतोय. हे त्याने तुमच्याविरुद्ध चार-पाच वेळा केलं की मग बाजू बदला आणि तो कुणालातरी, बाबांना किंवा मामाला, ही मात द्यायचा प्रयत्न करू दे. मला माझ्या मामाने असंच शिकवलं होतं, आणि समोरचा काय करतोय हे आधी विचारायची सवय मला त्यातून लागली, ती अजून आहे.

हात लावला की खेळायचं हा नियम पण घरी खेळातच आणा. तुम्ही मुद्दाम एखादी सोंगटी उचला आणि अरे हात लागला, आता हीच खेळावी लागणार असं म्हणून खेळा. तो लगेच तुम्हाला पकडायला लागेल, पंच व्हायला सगळ्यांना आवडतं. आणि सोंगटी घरात नुसती सरळ करायची असेल तर आधी अ‍ॅडजस्ट म्हणायचं, हे पण शिकवा. वजीर गमावला त्या दिवशी त्याला जे वाटलं असेल ते मला अजून आठवतं माझं, सगळा हॉल आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

रडण्याबद्दल. गुकेश १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपद जिंकला तो व्हिडिओ त्याला दाखवा. चौदावा डाव होता, शेवटचा, बरोबरीकडेच चाललेला, आणि ५५ व्या चालीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ ला नेला आणि तिथे चूक झाली. जगज्जेता चुकला, एवढ्या मोठ्या स्टेजवर. गुकेशच्या लक्षात आलं तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. आणि जिंकल्यावर हा १८ वर्षांचा मुलगा रडला, डोळे पुसत पुसत सगळ्या सोंगट्या परत आपापल्या घरात मांडत होता. मला त्या व्हिडिओतलं सगळ्यात आवडतं ते हे. मी पण हरल्यावर सोंगट्या मांडून मगच उठायचो, सरांनी लावलेली सवय, तेवढ्या एका मिनिटात श्वास जागेवर येतो. तुमच्या मुलाला रडू नको म्हणू नका, रड पण सोंगट्या मांड म्हणा.

एक राहिलं, सध्या मोबाईलवर खेळायला देऊ नका. फास्ट गेम्स तर नकोच, एक-दोन मिनिटांचे डाव असतात आणि समोर कोण आहे ते दिसत नाही. लिचेस ही बुद्धिबळाची साइट चांगली आहे, पूर्ण फुकट आणि जाहिराती नाहीत, पण ते पझलपुरतं आणि तुम्ही शेजारी बसून. आणि सेट घेणार असाल तर तो छोटा मॅग्नेटचा नको, गुंडाळता येणारा पट आणि मोठ्या प्लास्टिकच्या सोंगट्या घ्या, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो स्पर्धेत, तसाच. लहान हातात मोठी सोंगटी धरायला मजा येते.

मुक्ता_नाशिक:

काय लिहू, सगळ्यांचे खूप आभार. प्रशांतदादा, तुमचं वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले, कारण स्पर्धेच्या दिवशी मी पण दार उघडल्याबरोबर तेच विचारलं होतं.

अडीच_घरं, ते मी आणि नवऱ्याने रात्री आधी आमचं आम्ही मांडून पाहिलं, खरंच दहा मिनिटांत कळलं. आता क्लासचं काय करू ते कुणीतरी सांगा. पैसे वर्षाचे भरलेत.

तनयाची_आई:

मी नागपूरहून. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, चार वर्षं खेळतेय, आणि आम्ही एक क्लास मधेच सोडलेला आहे म्हणून लिहिते. पैसे भरलेत म्हणून पाठवू नका, पैसे गेले तर गेले. ज्या सरांनी लोकांसमोर लेकराला असं बोललं त्यांच्याकडे तो शिकणार नाही, तो तिथे नुसता जपून बसेल. आमच्याकडे तेच झालं होतं, मुलगी उत्तर माहीत असून हात वर करायची नाही. एक दिवस मी मागे बसून पाहिलं तेव्हा कळलं, चूक उत्तर आलं की मुलाला उभं करायचे.

नवीन क्लास बघाल तेव्हा आधी जाऊन एक तास नुसतं बसा. मी दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे मुलं हसतायत का, आणि कुणी चूक चाल सांगितली तर सर काय करतात. आताचे आमचे सर भिंतीवरच्या डेमो बोर्डवर ती चूक चाल खरोखर खेळून दाखवतात, म्हणतात चला बघू ह्याचं काय होतं, आणि सगळा वर्ग मिळून शोधतो. ज्याची चाल तोच सगळ्यात पुढे येऊन बघत असतो. आणि दुसरं म्हणजे क्लासमध्ये किती वेळ मुलं एकमेकांशी खेळतात. तासभर नुसतं ओपनिंग पाठ करून घेणारा क्लास ह्या वयात नकोच, पहिल्या आठ चाली तोंडपाठ आणि नवव्या चालीला मूल रिकामं.

आणि तुम्हाला स्वतःला येत नाही ह्याचं काही वाटून घेऊ नका. विश्वनाथन आनंदला सहाव्या वर्षी आईनेच शिकवलं, सुशीलाताईंनी. पुढे ते लोक मनिलाला होते तेव्हा तिथे टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, आनंद शाळेत असायचा, तर आई ती कोडी उतरवून ठेवायची आणि तो घरी आला की दोघं मिळून सोडवायची. हे त्याने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय. मला ह्यातून एवढंच सुचलं, मी मुलीसाठी एक वही केली. रोज एक कोडं, एका चालीत मात, मी पटावर मांडून ठेवते डायनिंग टेबलच्या कोपऱ्यात आणि शाळेतून आली की बूट काढता काढता ती बघते. कधी लगेच सापडतं, कधी रात्री वरणभात खाताना एकदम ओरडते सापडलं म्हणून. सापडलं नाही तर तसंच राहू देते दुसऱ्या दिवसापर्यंत. तिने सोडवलेल्या कोड्यापुढे तीच तारीख घालते. वही दोन वर्षं झाली चालू आहे आणि तिला ती क्लासपेक्षा प्यारी आहे.

आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियात बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली तेव्हा आम्ही घरी सगळे टीव्हीला चिकटलो होतो. समोर कोनेरू हंपी होती, क्लासिकलचे म्हणजे जास्त वेळाचे दोन्ही डाव बरोबरीत, मग रॅपिडमध्ये म्हणजे कमी वेळाच्या डावांत जिंकली आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली. जिंकल्यावर ती आईला मिठी मारून रडली. माझी मुलगी मला म्हणाली, तिची आई किती वेळ बाहेर उभी असेल गं. तेव्हापासून मी स्पर्धेला जाताना पुस्तक घेऊन जाते आणि झाडाखाली बसते, दारात उभी राहत नाही. राउंड संपून आली की आधी पाणी, मग विचारते की आजच्या डावात तुला सगळ्यात आवडलेली चाल कोणती. हरलेल्या डावात पण एक तरी असते. ती सांगायला लागली की पॉइंट आपोआप कळतात.

स्पर्धा सध्या तरी नको. जेव्हा केव्हा तो म्हणेल तेव्हा आधी शाळेतली किंवा सोसायटीतली बघा. आणि आधी त्याला सांगा की स्विस पद्धतीत हरलं म्हणून कुणी घरी जात नाही, पुढच्या राउंडला साधारण आपल्याएवढेच पॉइंट असलेलं मूल समोर येतं, म्हणजे जसजसे राउंड होतात तसं आपल्या तोडीचं कुणीतरी भेटतं. हे कळलं की पहिली हार एवढी जड जात नाही. आणि बाय मिळाला की तो वेळ आइसक्रीमचा, आमच्याकडे तरी.

मधुरा_पी:

वाचनखूण साठवली. आमची पाच वर्षांची आहे, तिला वजीर राणी आहे का मंत्री ते कळत नव्हतं, क्लासच्या व्हिडिओत क्वीन आणि घरी वजीर. अण्णांच्या क्रिकेटच्या उदाहरणासारखं आता तिला सांगते, एकाच सोंगटीची दोन गावांत दोन नावं.

मुक्ता_नाशिक:

तीन आठवडे झाले, कळवायचं होतं.

क्लास थांबवला. सरांना फोन करून शांतपणे सांगितलं, त्यांना आवडलं नाही, असो.

सासऱ्यांना अण्णांची पोस्ट वाचून दाखवली, मोठ्याने. सुलतान खानचं नाव त्यांना माहीत होतं! त्यांच्या पारावर कुणीतरी वयस्कर माणूस त्याच्या गोष्टी सांगायचा म्हणे. ते काही न बोलता उठले आणि कपाटावरून डबा काढला. लेक दारातून बघत होता, जवळ आला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पट टाकून घोडा आणि शेंगदाणे घेऊन एकटीच बसले, खरं सांगते मला स्वतःलाच मजा यायला लागली होती, तर हा मागे येऊन उभा, आणि म्हणे आई तिथे नाही जाणार घोडा, चुकलीस. मी म्हटलं मग दाखव. सात चालीत सगळे दाणे खाऊन दाखवले. मग प्याद्यांची लढाई, रोज दोन-तीन होतात, मी खरोखर हरते आहे, पाचातली एखादी जिंकते. एकदा हरल्यावर त्याने प्यादी ढकलून दिली, मी काही बोलले नाही, मग थोड्या वेळाने येऊन सगळी मांडून ठेवली. रडत होता मांडताना. गुकेशचा व्हिडिओ त्याने किती वेळा पाहिलाय विचारू नका.

आजोबांबरोबर रविवारी देशी नियमांचा डाव असतो. ह्या रविवारी ह्याचं प्यादं हत्तीच्या पट्टीत पोचलं, आजोबांनी स्वतःच्या हाताने हत्ती काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. जुना लाकडी हत्ती आहे तो, खरोखर सोंडेचा, सोंडेचं टोक झिजलंय. हा मला धावत दाखवायला आला, आई बघ हा खरा हत्ती, किल्ला नाही.

स्पर्धेचं विचारलं नाही, तोही काढत नाही. चार चालीतली मात मात्र त्याने मामाला देऊन झाली.

आता एक प्रश्न, अण्णा. राजे आणि एक एक हत्ती ठेवून खेळतो तेव्हा आम्हा दोघांनाही शेवटी मात कशी करायची तेच कळत नाही, हत्ती नुसता शह देत फिरतो आणि राजा पळत राहतो. तिथे काय करायचं?

अण्णा_सांगलीकर:

वा! सोंडेचा हत्ती जपून ठेवा ताई, तसे सेट आता सहसा बघायला मिळत नाहीत.

एका हत्तीची मात जरा अवघड आहे, ती नंतर. आधी दोन हत्ती घ्या आणि समोर एकटा राजा. एका हत्तीने एक आडवी ओळ अडवायची, भिंत घातल्यासारखी, राजा ती ओलांडू शकत नाही. मग दुसरा हत्ती त्याच्या पुढच्या ओळीत जाऊन शह देणार, राजाला एक ओळ मागे सरावंच लागतं. आता पहिला हत्ती उचलून त्याच्याही पुढच्या ओळीत. असं एकाआड एक, जिना चढल्यासारखं, शेवटच्या ओळीपर्यंत. राजा हत्तीच्या अगदी जवळ आला आणि खायला बघायला लागला की त्या हत्तीला त्याच ओळीत पटाच्या दुसऱ्या टोकाला पळवायचं, भिंत तशीच राहते. पोराला राजा घेऊन पळू दे आधी, तुम्ही हत्ती चालवा, मग उलट. हे जमलं की लिहा, मग एका हत्तीचं सांगतो, त्यात आपला राजा स्वतः मैदानात उतरावा लागतो.